रास्पबेरी पाय पिको: पिनच्या वेगासाठी घेतला, वर्षभर वापरला, त्याचा रिव्ह्यू

गेल्या वर्षी गणपतीच्या तीन आठवडे आधी हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम टाकून दिवे, मोटर वगैरे चालवायचा) घेतला, बुधवार पेठेतून, ३७० रुपये पडले, आणि तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस तरी हातात असायचाच म्हणून आता सविस्तर लिहायला बसलोय. पिकोबद्दल बोलताना लोक रॅम किती, फ्लॅश किती, स्वस्त किती एवढ्यावरच थांबतात. मी तो एकाच कारणासाठी घेतला, त्याची पिन (वायर जोडायचं टोक) किती लवकर आणि किती नेमक्या वेळेला वर-खाली होते, म्हणजे तिच्यावरचं व्होल्टेज चालू-बंद होतं, यासाठी. बोर्ड निवडताना ही गोष्ट सगळ्यात आधी बघावी असं मला आता ठाम वाटतं, आणि दुकानात बोर्ड मागणारी बहुतेक पोरं नेमकं हेच विचारत नाहीत.

झालं असं की आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मूर्तीमागे पिक्सेल एलईडीची प्रभावळ असते, ती मी करतो. पाच मीटरची पट्टी, मीटरला ६० म्हणजे ३०० एलईडी, त्या डब्ल्यूएस२८१२बी वाल्या, ज्यात प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो आणि सगळ्यांना मिळून डेटाची वायर एकच. पिको घ्यायच्या आदल्या वर्षी ती अर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डवर चालवली होती. दिवे लागले, रंग फिरले, लोकांना आवडलं. फक्त रिमोट लागत नव्हता. आरतीच्या वेळी रंगांची धावपळ थांबवून शांत पिवळा उजेड ठेवायचा म्हणून टीव्हीच्या रिमोटसारखा एक छोटा आयआर रिमोट दिला होता, तो दहा वेळा दाबला तर दोन-तीन वेळा लागायचा. आरती सुरू झालेली, टाळ वाजतायत, मंडळाचे अण्णा हात लांब करून करून बटण दाबतायत आणि मागे प्रभावळ जांभळी-हिरवी धावतेच आहे. "अरे याचे सेल संपलेत का बघ रे," असं ते आरती संपल्यावर म्हणाले. सेल त्याच सकाळी मी नवे टाकले होते. त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण गडबड कुठे आहे तेच मला सांगता येत नव्हतं.

गडबड कुठे होती ते नंतर बसून हिशोब केल्यावर कळलं. ही पट्टी एक बिट सव्वा मायक्रोसेकंदात घेते. त्यातला साधारण ०.४ मायक्रोसेकंद पिन वर राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक, आणि मागेपुढे चालतं ते फक्त १५० नॅनोसेकंद. एका एलईडीला २४ बिट म्हणजे ३० मायक्रोसेकंद, ३०० ला ९ मिलिसेकंद. उनोवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एका बिटसाठी तिच्या हातात घड्याळाचे मोजून २० ठोके. आणि आपण सगळे पहिल्या दिवशी शिकतो ती पिन वर-खाली करायची डिजिटलराइट कमांड एकटीच साडेतीन-चार मायक्रोसेकंद खाते! ती एकदा चालेपर्यंत पट्टीचे जवळजवळ तीन बिट निघून गेलेले असतात. तो वेळ जातो कुठे, तर ही पिन कुठल्या पोर्टवर (पिनांच्या गटात) आहे ते टेबलमध्ये शोध, त्यातला कितवा बिट ते शोध, तिच्यावर पीडब्ल्यूएम (पिन भराभर चालू-बंद करून उजेड वगैरे कमी-जास्त करणं) चालू आहे का बघ, असेल तर बंद कर, इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) थांबव, मग लिही, मग इंटरप्ट होते तसे कर. नवीन शिकणाऱ्याला सोपं जावं म्हणून केलेली सोय आहे ती आणि त्या कामाला ती उत्तमच आहे. पण पोर्टचं रजिस्टर (चिपच्या आतला त्या पिनांचा कप्पा) थेट लिहिलं तर तेच काम दोन ठोक्यांत, १२५ नॅनोसेकंदांत होतं. चिप तीच, पिन तीच आणि फरक जवळजवळ तीसपट.

म्हणून उनोवर या पट्टीच्या लायब्रऱ्या असेंब्लीत (चिपच्या अगदी मूळ सूचनांत) ठोके मोजून लिहिलेल्या असतात. पण ठोके मोजत असताना मध्ये कुणी हाक मारून चालत नाही, त्यामुळे सगळा डेटा जाईपर्यंत त्या इंटरप्ट बंद ठेवतात. ३०० एलईडी म्हणजे सलग ९ मिलिसेकंद प्रोसेसरला बाहेरचं काही ऐकू येत नाही. रिमोटच्या एनईसी पद्धतीत सुरुवातीची खूणच ९ मिलिसेकंदांची असते आणि पुढच्या खुणा ५६२ मायक्रोसेकंदांच्या, त्यातल्या चार-पाच बुडाल्या की अख्खा कोड वाया. रंग छान वाहते दिसावेत म्हणून सेकंदाला ५० वेळा पट्टी रंगवत होतो, म्हणजे सेकंदातला जवळजवळ अर्धा वेळ उनोचे कान बंद. अण्णा बरोबर दाबत होते, सेलपण बरोबर होते.

आता पिकोकडे येतो. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला बाजारात आला, वर आरपी२०४० ही रास्पबेरी पायवाल्यांची स्वतःची पहिली मायक्रोकंट्रोलर चिप, कॉर्टेक्स एम०प्लसचे दोन कोर, २६४ केबी रॅम, सोबत २ एमबी फ्लॅश, २६ पिना बाहेर काढलेल्या. नेहमी चालतो १२५ मेगाहर्ट्झवर. हे आकडे बघून ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड वापरणारा लगेच म्हणेल की आमचं घड्याळ २४० मेगाहर्ट्झचं आहे, तुमचं त्याच्या निम्मंच. बरोबर आहे, पण घड्याळाचा आकडा आणि पिनचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोसेसरने पिन हलवायची म्हटली की तो हुकूम आतल्या बसवरून (डेटाच्या रस्त्यावरून) पिना सांभाळणाऱ्या जीपीआयओच्या ब्लॉकपर्यंत जावा लागतो, आणि ईएसपी३२ मध्ये ती बस ८० मेगाहर्ट्झची आहे, वर प्रत्येक खेपेला थांबणं आलंच, त्यामुळे नुसत्या लूपमध्ये रजिस्टर लिहून पिन वर-खाली केली तरी दहाएक मेगाहर्ट्झच्या घरातच पोचते. ब्लू पिल बोर्डवरची एसटीएम३२एफ१०३ चिप ७२ मेगाहर्ट्झची, तिच्या डेटाशीटमध्येच पिनसाठी १८ मेगाहर्ट्झ लिहिलंय. आरपी२०४० मध्ये मात्र पिनांसाठी एसआयओ नावाचा वेगळा ब्लॉक थेट कोरला जोडलेला आहे, तिथे लिहायला एकच ठोका लागतो. सी भाषेत वर कर, खाली कर, परत फिर असा लूप लिहिला तर एक अधिक एक अधिक दोन असे चार ठोके, म्हणजे ३१.२५ मेगाहर्ट्झ. उनोवर हाच लूप चांगल्यात चांगला लिहून ४ मेगाहर्ट्झ मिळतो.

पण खरं सांगू का, ३१ मेगाहर्ट्झ हा आकडा ऐकायला भारी आहे आणि माझ्या कामाला त्याचा तसा काही उपयोग नव्हता. मला लागत होती ती वेगळीच गोष्ट. पिनचा वेग म्हणताना आपण तीन गोष्टींची सरमिसळ करतो. सेकंदाला किती वेळा पिन हलू शकते ही एक, हलताना शून्यापासून वरपर्यंत किती नॅनोसेकंदांत चढते, म्हणजे सिग्नलची कड किती उभी आहे, ही दुसरी, आणि ज्या क्षणी हलायला सांगितलंय त्याच क्षणी दरवेळी हलते का, ही तिसरी. पट्टीला तिसरी लागते. तिला महिन्याभरात एकदाही दोनशे नॅनोसेकंदांची चूक चालत नाही, एक चूक झाली की एखादा एलईडी भलत्याच रंगाचा. आणि इथेच पिको बाकीच्यांपासून वेगळा निघतो, पीआयओमुळे.

पीआयओ म्हणजे चिपच्या आत बसवलेली छोटी छोटी यंत्रं, दोन ब्लॉकमध्ये चार-चार अशी आठ. यांना प्रोसेसर म्हणणं जास्त होईल, एकूण नऊच प्रकारच्या सूचना त्यांना कळतात आणि एका ब्लॉकमध्ये ३२ सूचनांचीच जागा. पण मुद्दाम कशाची वाट बघायला लावली नसेल तर प्रत्येक सूचना बरोबर एका ठोक्यात होते, आणि प्रत्येकीच्या पुढे 'इतके ठोके थांब' असं लिहिता येतं. इंटरप्ट त्यांना मध्ये थांबवू शकत नाही. मुख्य कोर काय करतोय, अडकलाय, रिमोट ऐकतोय, यूएसबीवर बोलतोय, त्यांना काही फरक पडत नाही. पिना त्यांच्या ताब्यात द्यायच्या आणि आपण मोकळं व्हायचं.

पट्टीचा प्रोग्रॅम पीआयओत चार सूचनांचा होतो. चार! एक बिट उचल आणि पिन खाली ठेव, पिन वर कर आणि बिट शून्य असेल तर चौथ्या ओळीला जा, नाहीतर अजून थोडा वेळ वरच ठेवून पहिल्या ओळीला परत ये, चौथी ओळ पिन खाली घेते. एका बिटला दहा ठोके पडतील असं थांबणं वाटून दिलं की यंत्राचं घड्याळ ८ मेगाहर्ट्झला हवं, आणि १२५ भागिले ८ म्हणजे १५.६२५. हे भागणारं गणित इथे तंतोतंत बसतं, कारण भाजकाचा अपूर्णांक २५६ भागांत देता येतो आणि ०.६२५ म्हणजे त्यातले बरोबर १६० भाग, शिल्लक काही उरत नाही. पहिल्यांदा हे कागदावर केलं तेव्हा मी दोनदा तपासलं. मग ३०० एलईडींचे रंग एका अॅरेत ठेवायचे, डीएमएला (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या भागाला) सांगायचं की एकेक शब्द यंत्राच्या रांगेत टाकत जा, झालं. ते ९ मिलिसेकंद अजूनही तेवढेच लागतात कारण ते पट्टीचेच आहेत, पण त्या वेळात दोन्ही कोर रिकामे असतात. दुसऱ्या एका यंत्राला मी रिमोटचा सिग्नल ऐकायला बसवलं.

गेल्या वर्षी पहिल्या आरतीला अण्णांनी बटण दाबलं आणि प्रभावळ पहिल्याच झटक्यात पिवळी झाली. त्यांनी वळून बघितलं पण नाही, रिमोट खिशात टाकला आणि टाळ घेतले. मला तेवढंच हवं होतं.

मायक्रोपायथनवाल्यांसाठी, म्हणजे सीऐवजी पायथनमध्ये बोर्ड चालवणाऱ्यांसाठी, सांगतो. पायथनमधून साधी पिन वर-खाली केली तर सीपेक्षा शंभराहून जास्त पटींनी हळू चालते, त्यात गैर काही नाही, प्रत्येक ओळ चालता चालता वाचली जाते. पण पीआयओचा प्रोग्रॅम पायथनमधूनच लिहिता येतो आणि एकदा चालू झाला की तो सीमधून सुरू केलेल्याइतकाच वेगात पळतो, कारण मग पायथनचा त्यात हातच नसतो. दोन ओळींचा प्रोग्रॅम, पिन वर, पिन खाली, आणि पायथनमधून ६२.५ मेगाहर्ट्झ. ही सोय या किमतीत दुसरीकडे मी बघितलेली नाही.

आता अडलो कुठे ते सांगतो, कारण ते बोर्डाच्या बाहेर होतं आणि कुणाचंही तिथेच अडेल. पिकोची पिन देते ३.३ व्होल्ट. पट्टी चालते ५ व्होल्टवर आणि तिच्या डेटाशीटप्रमाणे वर म्हणजे पुरवठ्याच्या ०.७ पट, ३.५ व्होल्ट. म्हणजे ०.२ कमी पडतात. टेबलावर आखूड वायरने चालतंसुद्धा, म्हणून लोक म्हणतात काही लागत नाही, थेट जोडा. मांडवात पिकोचा डबा खाली आणि प्रभावळ वर, मध्ये दोन मीटर वायर, तिथे पहिले काही एलईडी मध्येच हिरवे लुकलुकायला लागले. म्हणून ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारा लेव्हल शिफ्टर आणला, तो चार चॅनलचा छोटा लाल मॉड्यूल मिळतो ना चाळीस-पन्नास रुपयांना, प्रत्येक चॅनलला एक बीएसएस१३८ मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि दोन १० किलोओहमचे रेझिस्टर, तो. तो लावला आणि सगळंच बिघडलं. अर्धी पट्टी काळी, उरलेली कुठल्याही रंगात.

माझा एक मित्र डिप्लोमा कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, त्याच्याकडे १०० मेगाहर्ट्झचा स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. सगळं पिशवीत घालून संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. आधी पिकोच्या पिनवर प्रोब लावला, सुंदर चौकोनी लाट, वर ०.४, वर ०.८, घडीव काम. मग शिफ्टरच्या पलीकडे लावला. जिथे सरळ भिंत उभी दिसायला हवी तिथे घाटाचा चढ दिसत होता. दोन व्होल्टपर्यंत झटकन वर आणि तिथून पुढे दमत दमत, आणि साडेतीनला पोचायच्या आत खाली यायची वेळ झालेली. मित्र स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "तुझी पिन पळतीये रे, पण पुढे रस्ताच नाही."

कारण साधं आहे. त्या मॉड्यूलमध्ये मॉसफेट फक्त खाली ओढतो. वर न्यायचं काम सुरुवातीचा थोडा भाग सोडला तर १० किलोओहमच्या रेझिस्टरचं, आणि दोन मीटर वायर अधिक पट्टीचं इनपुट मिळून दीडशे पिकोफॅरड जरी धरले तरी दोघांचा गुणाकार दीड मायक्रोसेकंद होतो, आणि आपला अख्खा बिटच सव्वा मायक्रोसेकंदाचा आहे. सेन्सरशी बोलायच्या आय-टू-सी पद्धतीसाठी तो मॉड्यूल बनवलेला आहे आणि १०० किलोहर्ट्झला, आखूड वायरवर तो छान काम करतो. इथे त्याची जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी ७४एचसीटी१२५ ही चिप आणली, वीस-पंचवीस रुपयांची, तिला वर म्हणून २ व्होल्ट पुरतात आणि ती ५ व्होल्ट बाहेर स्वतः ढकलते, रेझिस्टरवर सोडत नाही, पंधरा-वीस नॅनोसेकंदांत काम झालेलं असतं. घेताना नावातला शेवटचा टी नीट वाचून घ्या. नुसती ७४एचसी१२५ सारखीच दिसते, पण तिलाही ५ व्होल्टवर ३.५ च्या आसपास लागतात, म्हणजे आपण होतो तिथेच. चिपच्या पुढे ३३० ओहमचा एक रेझिस्टर डेटाच्या वायरमध्ये टाकला आणि तो दिवस ते आजचा दिवस, एक एलईडी चुकलेला नाही.

तो ३३० ओहम का, हेही त्याच संध्याकाळी कळलं. स्कोप समोर होताच म्हणून पिकोच्या पिनची दुसरी एक सेटिंग बघून घेतली. आरपी२०४० मध्ये प्रत्येक पिनला किती जोर लावायचा ते ठरवता येतं, २, ४, ८ किंवा १२ मिलिअँपिअर, आणि कड सावकाश हवी की जलद तेही, स्ल्यू रेट म्हणतात त्याला. सुरुवातीला ४ आणि सावकाश असं असतं. मी १२ आणि जलद केलं, पिनला नुसती दोन मीटर वायर लावली आणि टोकाला बघितलं. ३.३ च्या सिग्नलने साडेचार व्होल्टच्या वर उडी मारली, मग खाली, परत वर, अशी तीन-चार वेळा थरथरून शांत झाला. वायरमधून सिग्नल मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो, दोन मीटर जाऊन परत यायला २०. कड त्याच्यापेक्षा लवकर चढली की टोकावर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्यावर चढते, विहिरीत हाक मारल्यावर आपलाच आवाज परत यावा तसं. २ आणि सावकाश केलं तर उडी बरीचशी गेली. चिपच्या पुढचा तो ३३० ओहम हेच काम करतो. तेव्हा कड जितकी जलद तितकी चांगली असं अजिबात नाही. पुढचं काम जेवढी मागतं तेवढीच द्यावी, उरलेली थरथर आजूबाजूच्या वायरींत आणि रेडिओत घुसते, आणि आठ पिना एकदम जोरात हलवल्या तर बोर्डाची ग्राउंडसुद्धा क्षणभर हलते. पिकोत हे पिनेपिनेला ठरवता येतं याचे मी जास्त मार्क देईन. उनोत असं काही नाहीच, एसटीएम३२ मध्ये आहे, २, १० आणि ५० मेगाहर्ट्झ अशा तीन पायऱ्यांत.

६२.५ मेगाहर्ट्झची लाटपण त्या स्कोपवर बघितली. चौकोनी दिसायच्या ऐवजी गोल दिसली, अगदी साइन वेव्ह. पिन बरोबर होती, १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला तिच्या तीनपट वारंवारतेचा भाग दिसतच नाही म्हणून कोपरे गेले. त्या स्कोपची स्वतःचीच चढायची वेळ साडेतीन नॅनोसेकंद आहे, त्याच्या आतलं तो दाखवू शकत नाही. आणि प्रोबच्या ग्राउंडची ती लांब क्रोकोडाइल क्लिपवाली वायर काढून टोकाला छोटी स्प्रिंग लावली तेव्हा थरथर अजून थोडी कमी दिसली, म्हणजे तेवढी थरथर प्रोबचीच होती. घरी माझ्याकडे आठ चॅनलचा २४ मेगाहर्ट्झचा स्वस्तातला लॉजिक अॅनालायझर आहे, पिन वर की खाली एवढंच नोंदवणारा, तो ४२ नॅनोसेकंदांत एकदा बघतो, पट्टीचा ०.४ मायक्रोसेकंदाचा ठोका त्यात नऊ-दहा वेळा दिसतो म्हणजे कामापुरता पुरतो, पण कड उभी आहे की घाट आहे ते त्यात कधीच दिसणार नाही. शिफ्टरची गडबड मला घरी चार दिवस त्यामुळेच दिसली नव्हती, अॅनालायझर सगळं चौकोनीच दाखवत होता.

तक्रारी आहेत, त्यापण लिहितो. पिनांची नावं बोर्डाच्या पाठीमागे छापलीत, ब्रेडबोर्डवर लावला की काही दिसत नाही, मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय. रीसेटचं बटण नाही, नवीन प्रोग्रॅम टाकायला दरवेळी वायर काढून बूटसेलचं बटण दाबून परत लावायची, शेवटी रन पिन आणि ग्राउंडमध्ये स्वतः एक बटण लावलं. मायक्रो यूएसबी आहे, आता घरात त्या केबली शोधाव्या लागतात. साध्या पिकोला हेडर (ब्रेडबोर्डमध्ये खोचायच्या पिनांच्या पट्ट्या) सोल्डर करून येत नाहीत. पीआयओची भाषा छोटी आहे पण पहिले चार दिवस डोकं तापतं, ३२ सूचनांची जागा एका ब्लॉकच्या चारही यंत्रांत मिळून आहे हे लक्षात ठेवावं लागतं. आणि एक सूक्ष्म गोष्ट, प्रोग्रॅम बाहेरच्या फ्लॅशमधून चालतो, मध्ये १६ केबीची कॅश (जवळची तात्पुरती जागा) आहे, हवा तो कोड कॅशमध्ये नसला की फ्लॅशमधून येईपर्यंत कोर थांबतो. म्हणजे पीआयओ न वापरता नुसत्या सीच्या लूपने वेळ साधायला गेलात तर कधीतरी एखादा ठोका लांबलेला दिसेल, ते टाळायला तो भाग रॅममध्ये ठेवायला सांगावं लागतं. हे मला माहीत नसताना मी एक अख्खा रविवार घालवला.

पिको डब्ल्यूवर वायफाय आहे पण वायफायच्या चिपशी बोलायला तो पीआयओचंच एक यंत्र वापरतो, मोजून वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये पिको २ आला, १५० मेगाहर्ट्झ, पीआयओचे तीन ब्लॉक म्हणजे बारा यंत्रं, ५२० केबी रॅम. चांगला आहे, पण त्याच्या सुरुवातीच्या चिपांत एक दोष होता, आतला पुल-डाउन (पिन खाली ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावून इनपुट वाचलं तर पिन दोन-सव्वादोन व्होल्टला अडकून बसायची, बाहेरून ८.२ किलोओहम किंवा कमीचा रेझिस्टर लावावा लागायचा. पिन नुसती बाहेर हलवायची असेल तर त्याचा त्रास नाही.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. शेतावर बोअरची मोटर रिलेने चालू-बंद करायची आहे, टाकीची पातळी बघायची आहे, खोलीचं तापमान दर मिनिटाला नोंदवायचंय, तर पिनच्या वेगाचा विचारच करू नका. रिलेला हलायलाच पाच-दहा मिलिसेकंद लागतात, तिथे डिजिटलराइटचे चार मायक्रोसेकंद कुठल्या कुठे. घरात पडलेला उनो वापरा. पण पिक्सेलच्या पट्ट्या, दुकानाच्या पाटीचे पी१० पॅनल, स्टेपर मोटर, कुठलाही सिग्नल जो एकदा सुरू झाला की मध्ये थांबता येत नाही, आणि तो चालू असताना अजून काहीतरी ऐकायचंय किंवा करायचंय, तिथे हा बोर्ड घ्या. सीएनसीच्या स्टेपरचं सांगायचं तर २०० पायऱ्यांची मोटर सोळाच्या मायक्रोस्टेपवर एका फेऱ्याला ३,२०० ठोके मागते, आणि ए४९८८ ड्रायव्हरला प्रत्येक ठोका निदान एक मायक्रोसेकंद वर हवा, म्हणजे इथेही पिन फार पळायची गरज नाही, पण दोन ठोक्यांतलं अंतर डगमगलं की मोटर लगेच खरखर करते. मित्राच्या छोट्या प्लॉटरवर मी ते कानाने ऐकलंय, पीआयओवर टाकल्यावर तीच मोटर गुळगुळीत फिरायला लागली.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा मार्क त्या पाठीमागच्या छपाईचा आणि रीसेटच्या बटणाचा.

बोर्ड सध्या माझ्याकडे नाहीये. विसर्जनानंतर प्रभावळ उतरवली तेव्हा मित्राने तो आणि तो लाल शिफ्टर, दोन्ही मागून घेतले, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शेजारी शेजारी दोन प्रोब लावून चौकोनी लाट आणि घाट एकत्र दाखवायचाय म्हणाला. दिवाळीच्या आत दुसरा आणायचाय, यावेळी पिको एच घेणार, हेडर सोल्डर करून आलेला.